फ्रान्सचं घर आणि पारकरभाईंचा इकामा

विषय : फ्रान्समधील एक जुने ऐतिहासिक घर, मागील बाग, घोड्यांचा तबेला व बग्गीखान्यासह विकणे.
संदर्भ : मालकांचे तोंडी आदेश.

रियाधच्या आमच्या ट्रेडिंग कंपनीत हा मथळा मीच टाइप केला होता. त्या काळातले किस्से माझ्याकडे भरपूर आहेत. निर्धास्त माणूस काही लक्षात ठेवत नाही. घाबरलेला मात्र लिफ्टचा आवाजसुद्धा विसरत नाही!

सौदीकरण जोरात होतं. परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमायचा, असा हुकूम. हुकूम रास्तच होता. देश त्यांचा, नोकऱ्या त्यांच्या. फक्त त्या नोकऱ्यांवर आम्ही बसलो होतो. सकाळी एखादी खुर्ची रिकामी दिसली की कोणी काही विचारायचं नाही. चहा एक कप कमी सांगायचा.

* * *

मालकांनी ते घर उन्हाळ्यात राहायला घेतलं होतं. एकदाच गेले. "आत थंडी, बाहेर पाऊस आणि शेजारी सगळे म्हातारे," म्हणत परत आले. आता ते विकायचं होतं. त्यांनी ऑफिसात येऊन विचारलं, "फ्रेंच कोणाला येतं?"

पारकरभाईंनी हात वर केला. हे रत्नागिरीकडचे. सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवायचं काम करायचे. ते काम आता फक्त सौदी माणसानेच करायचं असं ठरलं होतं, आणि त्यासाठी फहद नावाचा तरुण रुजूही झाला होता. पारकरभाईंची मुलगी नाझनीन इथल्याच इंडियन स्कूलमध्ये दहावीला. मार्चमधल्या परीक्षेपर्यंत इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, टिकावा, एवढंच त्यांचं मागणं.

मी हळूच विचारलं, "पारकरभाई, तुम्हाला फ्रेंच कधीपासून येतं?"

"बोटीवर होतो तेव्हापासून. बोंजूर, मर्सी आणि एक शिवी."

"मालकांना यातलं काय लागेल?"

"भाऊसाहेब, व्यवहार घराचा आहे. तिन्ही लागतील!"

* * *

फहद स्वभावाने फार चांगला होता. हीच पंचाईत. उर्मट माणसाचा राग तरी करता येतो. आल्या दुसऱ्याच दिवशी त्याने बुरैदाच्या आपल्या शेतातल्या खजुरांचा खोका सगळ्यांसमोर ठेवला. कोणी हात लावेना. आमचे अकाउंटंट देशपांडे डोळे मिटून म्हणाले, "बोकडालाही आधी खायलाच घालतात."

खजूर उत्तम होता, असं नंतर कळलं. म्हणजे फहदने एकट्याने संपवला तेव्हा.

* * *

मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, पारकरभाईंना म्हणाला होता, "घर विकलं की तुझं काम खलास. मग तू सुखाने घरी जा." तो हे अभिनंदनाच्या सुरात म्हणाला होता.

पारकरभाईंनी घरी सांगितलं, तर नाझनीन म्हणाली, "अब्बा, प्लीज डोन्ट सेल इट!"

आणि नेमकं गिऱ्हाईक आलं. ताइफचे एक गुलाबाच्या मळ्यांचे मालक. बागेचे फोटो बघून त्यांचे डोळे चमकले. पारकरभाईंचा चेहरा पांढरा पडला. तरी ते खोटं बोलले नाहीत. गरज नसताना कोकणातला माणूस खोटं बोलत नाही. एवढंच म्हणाले, "शेख, घर ऐतिहासिक आहे. खिडकीचा रंगसुद्धा तिथल्या सरकारला विचारून लावायचा."

"घर माझं आणि खिडकी सरकारची? हे कसलं घर?"

"इकाम्यासारखं, शेख! राहायचं आपण, ठरवायचं दुसऱ्याने."

शेख हसले, चहा प्याले आणि ताइफला गेले.

* * *

पुढे फ्रान्सच्या एजंटबाईंनी कळवलं, की तबेल्याच्या माडीवर जुना म्हातारा माळी राहतो. त्याला मरेपर्यंत राहायचा हक्क आहे. विकणाऱ्याला काढता येत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

मालक थक्क झाले. "घर माझं, आणि मी जा म्हटलं तरी तो जात नाही?"

ऑफिसात सगळ्यांनी माना खाली घातल्या. देशपांडे माझ्या कानाशी आले. "बाईंना विचारा हो, त्याने इकामा कुठून काढला!"

* * *

देशपांड्यांचंच पुढे काय झालं ते सांगतो. थंडी पडली म्हणून ते बत्हाच्या बाजारात ब्लँकेटं घ्यायला गेले, आणि ती ठेवायला एक मोठी बॅग घेतली. बत्हात मोठी बॅग घेताना दिसलेला माणूस म्हणजे कायमचा निघालेला माणूस! दुसऱ्या दिवशी निम्मं ऑफिस त्यांच्या टेबलाशी येऊन हात दाबून गेलं.

देशपांडे गारठले. यांना काही कळलंय आणि आपल्यालाच नाही, असं त्यांना वाटलं. थेट मुदीरकडे गेले. "साहेब, माझं नाव लागलंय का?"

मुदीरने आश्चर्याने वर पाहिलं. "नाही बुवा. मला तर काहीच माहीत नाही." मग पेन उचललं. "विभाग कोणता म्हणालास?"

बॅग वाया गेली नाही.

* * *

आणि एकदा तपासणी आली. इकाम्यावर माणसाचा धंदा लिहिलेला असतो. ज्या धंद्याचा व्हिसा मिळाला, तो. टेबलावर वेगळंच काम करताना सापडलं, तर कंपनीला दंड आणि माणूस विमानात. "आले!" एवढाच शब्द ऐकू आला आणि मागच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. पारकरभाई एजंटबाईंशी फोनवर होते. ते राहिले.

इन्स्पेक्टरने इकामा वाचला. "माळी. या सातव्या मजल्यावर बाग कुठे आहे?"

पारकरभाईंनी टेबलावरचा फोटो पुढे केला. भिंतीलगत नासपतीची झाडं, मागे तबेला.

"ही."

"ही कुठे आहे?"

"फ्रान्समध्ये."

केबिनच्या दारात मालक उभे होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं, पारकरभाईंकडे पाहिलं, आणि दंडाचा विचार केला असावा.

"खरं आहे," ते म्हणाले. "तिकडचा माळी म्हातारा झालाय. याला पाठवतोय."

"व्हिसाचा अर्ज केलात?"

"उद्या करतोय."

"आजच करा. प्रत मला द्या. आणि उत्तर येईपर्यंत याला कुठेही हलवायचं नाही."

फहदने पारकरभाईंना स्वतःच्या गाडीतून फ्रेंच वकिलातीत नेलं. "यल्ला, चला माळीबुवा!" म्हणाला. अर्ज दाखल झाला.

मार्चमध्ये नाझनीनची परीक्षा झाली. मी कायमचा परत निघालो, त्या दिवसापर्यंत सदर अर्ज वकिलातीत प्रलंबित होता.