इंजिनाच्या कपाळावरचं कुंकू

बिघाड कुठं आहे हे गुंडुरावांना पहिल्याच सकाळी कळलं होतं. तरीही आठवडाभर त्यांनी त्या बोटीचं बाकीचं सगळं इंजिन उपसलं, आणि जिथं हात घालायचा तिथं मात्र घातला नाही.

गुंडुराव म्हणजे म्हैसूरच्या अग्रहारातले भावसार. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम. भाऊ, चुलते सगळे शिलाई मशीनवर वाकलेले, आणि हे एकटेच ग्रीसचे हात घेऊन हिंडणारे. कृष्णराजनगरच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर, येसाजीरावांची एक जुनी लाकडी मोटरबोट होती. तिचं इंजिन बोटीच्या पोटात, फळ्यांखाली बसवलेलं. विलायती, पेट्रोलवर चालणारं, आणि ते बनवणारा कारखाना बंद पडून जमाना लोटलेला. मिसरूड फुटलं तेव्हापासून गुंडुरावच त्याची देखभाल करत आले.

दर आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्यांची बायको अनुसूयाबाई त्यांच्याबरोबर बोटीवर यायची. वर्षाची तिची तेवढीच सहल. म्हैसुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं, मग या इंजिनानं काय घोडं मारलंय? लग्न झालं त्या वर्षी तिनं विचारलं होतं, अहो, याचं कपाळ कुठलं? गुंडुरावांना थट्टा सुचली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी दाखवली. ठिणगी आधी इथं येते आणि इथूनच एकेका प्लगला वाटली जाते, म्हणजे हेच डोकं आणि हेच कपाळ. झालं! तेव्हापासून गंधाचा जाड लेप आणि त्यावर कुंकवाचा टिळा, बरोब्बर त्या टोपीवर, वायरींच्या मधोमध.

आता असा लेप म्हणजे ठिणगीला आयती पायवाट. दमट हवेत लेप ओल धरतो, ठिणगी प्लगकडे जायची सोडून त्याच्यावरून भलतीकडे पळते आणि इंजिन दोनदा खोकून गप्प बसतं. गुंडुरावांना हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण बायकोला सांगायची छाती कुणाची! दसरा झाला की चार दिवसांनी ते एकटेच जायचे, फडक्यानं टोपी पुसायचे, आणि घरी येऊन अवाक्षर काढायचे नाहीत. संसार असाच चालतो, कुणी काही म्हणो.

यंदा ते चार दिवस मिळालेच नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाच्या शर्टांची काजं करता करता अनुसूयाबाई उंबऱ्यापाशी कलंडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर गुंडुरावांनी पान्याला हात लावला नाही. लेक भाग्या ताट वाढायची, ते जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

मार्गशीर्षातल्या धुक्यात येसाजीरावांचा निरोप आला. बोट सुरू होत नव्हती. त्यांच्या मुलाला ती नुसतं जागा अडवणारं धूड वाटत होती, आणि रविवारी भंगारवाला येणार होता. तोवर चालू झाली तर राहील, नाहीतर गेली. येसाजीरावांचा जीव होता त्या बोटीत, पण उतारवयात स्वतःच्याच घरात आपला शब्द किती चालतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. गुंडुराव गेले. फळी उचलली, कोंडलेली पेट्रोलची वाफ जाऊ दिली, आत वाकले, आणि समोर तो टिळा.

गंध वाळून कडक झालं होतं. त्यात अनुसूयाबाईंच्या बोटाचा ठसा जसाच्या तसा उमटला होता, सुई टोचून टोचून खरखरीत झालेल्या टोकाच्या बारीक भेगांसकट. घरी तिच्या साड्या होत्या, बांगड्या होत्या, भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तिचं बोट कुठंच नव्हतं. ते इथं होतं, तेलकट अंधारात. गुंडुराव तिथंच फळीवर बसून हमसून हमसून रडले. बोट चालवणारा नागराज पाण्याकडे तोंड फिरवून उभा राहिला.

मग सुरू झालं सोंग. त्यांनी बॅटरीची टोकं घासली. प्लग काढून वाळवले, ब्रशनं साफ केले, फट मोजून पुन्हा बसवले. पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कंडेन्सर बदलला, दुसऱ्या गाडीची कॉइल लावून पाहिली, चावीची वायर तपासली. दर वेळी नागराजनं स्टार्टर मारायचा, इंजिनानं खोकायचं आणि गप्प व्हायचं. पहिल्या दिवशी दुपारी ऊन चढल्यावर ते जरा वेळ चाललंसुद्धा. म्हणजे रोग ओलीचा, आणि ओल कुठं बसलीय ते शेंबडं पोरही सांगेल. पण गुंडुराव टोपीच्या वायरी फक्त बाहेरून पुसायचे, मधला टिळा चुकवून, देवघरातल्या मूर्तीभोवती पुसावं तसं.

दुसरी टोपी मिळते का, म्हणून त्यांनी म्हैसुरातली जुन्या पार्टची दुकानं पालथी घातली. कुठंच नव्हती. शनिवारी भाग्या डबा घेऊन बोटीवर आली आणि तिनं ते पाहिलं. तिच्या लगेच ध्यानात आलं. तिनं वाकून मोबाइलवर फोटो काढला आणि हळूच म्हणाली, की अप्पा, आता आहे आपल्याजवळ, आता पुसा. गुंडुरावांनी फोटो बराच वेळ पाहिला. रंग आला होता, पण बोट लावून पाहिलं तर काच गुळगुळीत. त्यांनी मोबाइल परत दिला आणि पुन्हा प्लग खोलायला घेतले.

रविवारी धुकं होतं. काठावर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. येसाजीराव खुर्ची टाकून बसले होते. ते एकटक गुंडुरावांकडे बघत होते. त्या नजरेपुढं गुंडुरावांचा निभाव लागला नाही. इतक्या वर्षांचं अन्न, इतक्या वर्षांचा विश्वास. त्यांनी फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं, डोळे मिटले, पांडुरंगाचं नाव घेतलं आणि पुसलं. एकाच हातात निघालं सगळं.

डोळे उघडले तेव्हा टोपीवर टिळ्याच्या जागी एक काळी रेघ होती. आठवडाभर स्टार्टर मारून मारून ठिणगी रोज त्याच वाटेनं पळत राहिली होती आणि तिनं टोपी जाळली होती. गुंडुरावांनी रेघ ब्लेडनं खरवडली. खाली भेग निघाली, आरपार. नागराजनं स्टार्टर मारला. पुन्हा मारला. या वेळी इंजिन खोकलंसुद्धा नाही.

पहिल्याच सकाळी पुसलं असतं तर बोट वाचली असती. पुसलंच नसतं तर टिळा वाचला असता. तेलही गेलं, तूपही गेलं. माणूस दुःखात शहाणपण गहाण टाकतो, त्याला काय करणार?

येसाजीराव उठून जवळ आले. "साकु, गुंडुराव, पुरे आता," ते म्हणाले. "आता हे भंगारच. तुमचा जन्म गेलाय या यंत्रापाशी, आठवण म्हणून यातलं काय हवं ते काढून न्या."

बिचारे मायेनंच बोलले. हेच त्यांनी तासभर आधी म्हटलं असतं, किंवा गुंडुरावांनीच तोंड उघडून मागितलं असतं, तर! गुंडुरावांनी मान हलवली, हात जोडले आणि काहीही न घेता बोटीतून उतरले.

परतीच्या बसमध्ये भाग्या त्यांच्या शेजारी बसली होती. त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता, आणि नखांच्या कडेला लाल राहिलं होतं. तिनं रुमाल पुढं केला तशी त्यांनी मूठ मिटली.

"भाग्या, तुझी आई भरल्या कुंकवानं गेली गं," ते म्हणाले. "सगळ्या बायका म्हणाल्या, नशीबवान. आणि तिचं कुंकू मी पुसलं."

भाग्या म्हणाली, की अप्पा, तुम्ही दर वर्षीच पुसायचात. आईला ठाऊक होतं. ती हसायची.

गुंडुरावांनी मूठ उघडली आणि नखांकडे पाहिलं.

"दर वर्षी पुसायचो, कारण ती पुन्हा लावणार होती."