रिकाम्या घरांची घरकारीण

सुला कोणत्याही घरात शिरली की उंबऱ्यावर थांबून आधी खोकायची. आजारी नव्हती. खोकून कान द्यायची. "घर उलट बोललां की समजायचां, आत कोण रवना नाय," असं तिचं म्हणणं. माणसं राहतात ते घर खोकला गिळून टाकतं. माझ्या घराने गिळला तेव्हा तिने मान हलवली आणि मग आत आली.

गावात तिला घरकारीण म्हणत. घरकारीण म्हणजे घरची मालकीण. सुलाला घर नव्हतं, म्हणून नाव पडलं. नवरा गोव्याला ट्रॉलरवर गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला. सुला माहेरी भावाच्या पडवीत झोपायची. पडवीला तीन भिंती, चौथ्या बाजूला झावळ्यांचा आडोसा. कुंकू मात्र ठसठशीत. कोणी टोचून विचारलं तर म्हणायची, "माझ्या कपाळाक लावतंय, तेच्या नाय."

कोकण रेल्वे सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. मुंबईची माणसं वैभववाडीला उतरून इकडे जागा बघत फिरायची. जामसंड्यात माझ्या घरामागे आंब्याची कलमं होती. ती तोडून एका शेठने तीन मजली इमारत उभी केली. सुला तिथे लाद्या पुसायला होती. लोक यायचे, खिडकीतून बघायचे, नळ सोडून बघायचे आणि जायचे. घेत कोणी नव्हतं. एक दिवस सुला शेठना त्यांच्या शहरी भाषेत म्हणाली, "रिकाम्या घरात माणूस उभा राहतो आणि निघून जातो. बसला तर घेईल ना? मला एक घर लावून दाखवू दे." शेठ हसले, पण हो म्हणाले. सगळी घरं गेली तर तळमजल्यावर पंपाच्या मागची खोली तुला राहायला, असंही म्हणाले.

ती खोली मी पाहिली होती. एक माणूस आडवा होईल एवढी. सुला मला म्हणाली, "माका एक दार होया गो, काकी. आतसून कडी घालूक. बाकी काय नको."

घर लावायला सामान माझ्याकडून गेलं. पाट, सूप, रोवळी, लोणच्याची बरणी, माझं जुनं लुगडं. लुगडं ती ओलं करून गॅलरीत वाळत घालायची. बरणी उन्हात. आडाळ्याजवळ, म्हणजे विळीजवळ, नारळाची कवड, तीही अर्धीच खवलेली. मी म्हटलं, पुरी तरी खव. तर म्हणाली, "पुऱ्या झालेल्या कामाक कोण भुलना नाय. अर्ध्यार सोडलेलां दिसूक होया." दारात भावाच्या जुन्या चपला. पुरुषाच्या चपला दिसल्या की घरकार कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग तिने मलाही नेलं. "सगळां आसा, सासू नाय," म्हणाली. मी जन्मभर मासे विकलेली बाई. हातांना लिंबाचा पाला चोळून, धुतलेलं लुगडं नेसून मी त्या परक्या घरात पाटावर बसायची आणि तांदूळ निवडायची. "हात पदराखाली ठेव. म्हावरा दिसता तुझ्या हातात," असं ती मला बजावायची. गिऱ्हाईक आलं की पदर सावरून पुढे व्हायची, "सासूबाई, पाहुणे आलेत." मी मान वर करायची. माझं काम तेवढंच.

पहिल्या रविवारी एक मुंबईची मुलगी आली, लग्न नुकतंच झालेलं. घर बघून झाल्यावर वाकून माझ्या पाया पडली. मी हात डोक्यावर ठेवला, काय करणार? खोट्या घरातली खोटी सासू मी, आणि पोरगी खरी वाकलेली. तिने ते घर घेतलं. सुला खूश. मी घरी जाऊन हात धुतले, आणि कशाला धुतले ते माझं मलाच कळलं नाही.

पण रविवार आला की मी वेळेआधी तयार असायची. तेही सांगायला हवं. गिऱ्हाईक नसलं की सुला गंमत म्हणून माझ्याशी सुनेसारखी भांडायची. "सासूबाय, सकाळपासून तांदूळ निवडतास, काय खडे पेरतास काय?" मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. मग आम्ही दोघी पेज आणि खारातला आंबा घेऊन बसायचो. माझ्या घरी मुलगा आणि सून टीव्हीसमोर जेवत. मला ताट माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात मिळे, तिथेच माझं अंथरूण. कोणी वाईट बोलत नसे. कोणी बोलतच नसे. रविवारची वाट मी बघते, ही गोष्ट मी मुलाला कळू दिली नाही. लाज वाटत होती.

एकेक करून घरं गेली, तसं आमचं सामान पुढच्या घरात हलत गेलं. तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं शेवटचं राहिलं. तिथे सुलाने सगळं मांडलं तरी खोकली की घर उलट बोलायचं. ती हैराण. शेवटी म्हणाली, "ह्या घरात चूल पेटाक नाय, म्हणान बोलता." आणि स्टोव्ह घेऊन आली.

नव्या घरात पहिल्या विस्तवावर दूध उतू घालतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ते त्या घरच्या बाईने घालायचं, आणि एकदाच. सुलालाही हे ठाऊक होतं. तिने ओट्यावर हळदकुंकू वाहिलं, स्टोव्ह पेटवला, दूध ठेवलं. मी म्हटलं, "गो, ह्यां आपलां काम न्हय." ती म्हणाली, "नुसतो वास येवंदे." दूध वर आलं, कडेवरून उतरून स्टोव्हवर चरचरलं. तिने हात जोडले आणि तिचे ओठ हलले. मग दारात जाऊन खोकली. घर गप्प राहिलं. तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी ती गिऱ्हाइकाची वाट बघत नव्हती.

गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. मागे शेठ. नवऱ्याला घर आवडलं. म्हातारी मूळची आपल्याच मुलखातली. ती सरळ ओट्यापाशी गेली. जळलेल्या दुधाचा डाग बघितला, हळदकुंकू बघितलं. मागे वळून सुलाला विचारलं, "दूध कोणाच्या नावान घातलंस?"

सुलाला खोटं बोलता आलं असतं. घरभर खोटं तिनेच तर मांडलं होतं. पण हे तिला जमलं नाही. खाली बघून म्हणाली, "माझ्या."

म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "मग ह्यां घर तुझां. तुझ्या घरात मी माझी सून आणूचंय नाय." आणि चपला घालून जिना उतरली.

शेठ तिथेच बोलले. "तुला घर दाखवायला ठेवली होती, संसार थाटायला नाही. खोलीचं विसर." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आणि आजी, तुम्हीसुद्धा? या वयात?" मी सांगितलं, चूक झाली, पण तुमची बाकीची घरं हिनेच विकली. त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही. माझ्या मांडीवर तांदळाचं सूप होतं. जणू दोन थोराड पोरी दुसऱ्याच्या अंगणात भातुकली मांडून बसल्या होत्या आणि घरमालक आला. मी सूप खाली ठेवलं आणि उठले.

सुलाने स्टोव्ह घासला, डाग पुसला. माझं सामान डोक्यावर घेऊन माझ्या घरी आली आणि एकेक वस्तू जिथल्या तिथे ठेवली. वैभववाडीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जाते म्हणाली. लुगडं माझ्या अंथरुणावर ठेवायला बोळात आली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग विचारलं, "तुझां दार खंय गो, काकी?"

मी लुगडं उशाशी सारलं. ती गेल्यावर मुलाला म्हटलं, मला एक दार करून दे. तो म्हणाला, "आये, बोळाक दार खंय बसता?" आणि पडदा लावून दिला. चांगला आहे, फुलाफुलांचा.

पुढे ते कोपऱ्यातलं घरही विकलं गेलं. सगळ्या घरांना मालक आहेत, ते मे महिन्यात येतात आणि कुलपं लावून जातात. पंपाच्या मागच्या खोलीत सिमेंटच्या गोण्या ठेवल्या होत्या, त्यांचे दगड झाले. कडी बाहेरून आहे.

सुला एकदाच येऊन गेली, चतुर्थीला. केस पिकले होते. वसतिगृहात पोरींच्या रांगेत झोपते म्हणाली. उंबऱ्यावर खोकली, आत आली. इमारतीबद्दल तिने विचारलं नाही. बोळापाशी थांबली, दोन बोटांनी पडदा बाजूला करून बघितलं आणि हळूच परत सारखा केला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.