अनोळखी नंबरवरून मीच बोलत होते

नाकाडोंगरीच्या अभ्यासिकेचं नेटवर्क मी सांभाळते. आज लाखनीत बसून मी तिथल्या ओपन सोर्स फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेटवर पहारा ठेवणाऱ्या मशीनचा, एक रूल बदलला आणि तिथलं इंटरनेटच बंद पडलं. चूक माझीच. त्यात पोलीस भरतीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. अभ्यासिकेतल्या मुली खोळंबल्या होत्या.

माझा मोबाइल नेमका बिघडून बंद पडलेला, म्हणून शेजारच्या दुकानातून अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंना फोन लावला.

"ताई, जुनी सेटिंग परत आणायची आहे. मी सांगते तसं करा."

"नाई करत."

"अहो, मीच बोलतेय!"

"आवाज त तसाच वाटते. पन तुमीच म्हनलं होतं ना, अनोळखी नंबरवरून कोनी काईबी सांगो, मशीनले हात लावायचा नाई. मंग आता काहून चिडून राहिल्या?"

मी फोन ठेवून बस पकडली, तुमसरला बदलली, सगळी वाट घड्याळ बघत काढली. पोहोचून, फक्त मलाच ठाऊक असलेला मशीनचा पासवर्ड टाकून जुनी सेटिंग लावली. सगळ्यांचे अर्ज गेले.

ताईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, कधी तुमी येऊच नाई शकल्या, त मी कोनाचं आयकू?"

घरी आले तरी चैन नाही. नेटवर्कवाल्यांनो, तुमच्याशिवाय पासवर्ड अजून कोणाकडे असतो?