वशिंडाचा बैल आणि पंक्चरचं सोल्युशन

बीडमध्ये साठी ओलांडलेला माणूस प्लॅस्टिकचे ठोकळे जोडत बसतो म्हटलं की लोक आधी त्याच्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात. माझ्या बायकोला ते चालतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पलंगावर पडून तिला जो त्रास दिला, त्यापुढे ठोकळे बरे, असं ती आल्यागेल्याला सांगते. पहिला सेट पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलीनं पाठवला होता. दीपगृह होतं. मी जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, धरणाच्या दारांपासून शेतातल्या पाण्याच्या चाऱ्यांपर्यंत. त्यामुळे पुस्तिका न बघताच बांधायला घेतलं, चुकलो, मोडलं, परत बांधलं. गुडघा बरा झाला, ठोकळे सुटले नाहीत.

पुढे कळलं की गावात आणखी दोघं आहेत. एक दातांच्या डॉक्टर, चाळिशीच्या. दुसरे गॅरेजवाले मिस्त्री, पन्नाशी उलटलेले. त्यांचे वडील बाजाराच्या दिवशी माजलगावला बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. मिस्त्री ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्त करतात. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही रविवारी सतरंजी टाकून बसू लागलो. मधोमध ठोकळ्यांचा ढीग, कडेला चहा.

या खोलीत एक गोष्ट चुकीची नोंदली गेली आणि ती माझ्यामुळे. ठोकळ्यांच्या बैलाला मिस्त्रींनी पंक्चरचं सोल्युशन लावलं, असं आमच्या वर्तुळात आजही मानतात. पुण्यापर्यंत मानतात. ते सोल्युशन मी लावलं होतं. मिस्त्रींनी हातही लावला नव्हता. आता कसं झालं ते सांगतो.

दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षीच्या सेटांच्या बातम्या फुटायला लागतात. कुणीतरी कुठल्यातरी दुकानाची यादी बघितलेली असते, कुणाच्या मेव्हण्यानं परदेशात खोका बघितलेला असतो. आम्ही तिघं त्यावर तासन्तास बोलायचो. डॉक्टरांना किल्ला हवा, पण राजा नसलेला.

"कुंभार, न्हावी, पाणक्या, भाजीवाली," त्या म्हणायच्या. "राजे खूप झाले. किल्ल्यात बाकीचे जेवत नव्हते का?"

मिस्त्रींना खरे गिअर पडणारा ट्रॅक्टर हवा होता, मागं नांगरासकट. "आन् जरा जुना पायजे. रंग उडाल्याला. नवा ट्रॅक्टर आमच्याकडं येतच न्हाई, येतो तो मोडूनच येतो."

मला धरण हवं होतं. वर-खाली होणारी दारं, मागं निळ्या पारदर्शक ठोकळ्यांचं पाणी.

"साहेब, रिटायर झाला तरी दारं सुटंनात," मिस्त्री म्हणायचे.

एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं. शेतीची एक थीम यायला हवी, आणि तीत वशिंडाचा बैल हवा. खेळण्यांच्या या दुनियेत घोडा आहे, पाठ सपाट असलेली गाय आहे, ध्रुवावरचं अस्वल आहे, ड्रॅगन तर पोत्यानं आहेत. खांद्यावर वशिंड असलेला, शिंगं वर गेलेला आपला बैल नाही. तो यायला हवा आणि येणार, असं माझं तेव्हाही ठाम मत होतं आणि आजही आहे. ज्यानं अर्ध्या जगाचं पोट भरलं त्या जनावराला एक साचा मिळायला हरकत नसावी.

कंपनीच्या वेबसाइटवर हौशी लोकांना आपली रचना मांडता येते. पुरेशा लोकांनी पाठिंबा दिला तर कंपनी तिचा विचार करते. डॉक्टर म्हणाल्या, वाट कशाला बघायची, आपणच बैलगाडी मांडू. आमच्या हौशी मंडळींचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नसला तरी सगळे पाळतात. ठोकळा कापायचा नाही, रंगवायचा नाही, चिकटवायचा नाही. जे जोडलं जाईल आणि परत सुटेल तेच खरं बांधकाम.

गाडी मिस्त्रींनी केली. बैल माझ्याकडे आले. मी पांढऱ्या ठोकळ्यांचे दोन बैल केले, वशिंडासकट, आणि देखणे केले. फक्त एक अडचण होती. वशिंड, मान आणि शिंगं यांचं सगळं वजन पुढं, त्यामुळे बैल नाकावर पडायचे. जुवाखाली अडकवले की गाडीच्या आधारानं उभे राहायचे. मी म्हटलं, मग झालं तर. बैल जुवाखालीच दिसणार आहेत.

पोळ्याला एका मंगल कार्यालयात गावातल्या छंदांचं प्रदर्शन होतं. कुणाची नाणी, कुणाची भरतकामं. आम्ही टेबलावर बैलगाडी मांडली, बैलांच्या शिंगांना लाल दोरा गुंडाळला, डॉक्टरांनी इवल्याशा झुली शिवल्या होत्या त्याही घातल्या. लोक वाकून वाकून बघत होते. मी खुशीत होतो.

तेवढ्यात कडा गावाकडची एक आजी नातलगांबरोबर आली. तिनं चष्मा कपाळावर ढकलला, नीट बघितलं आणि विचारलं, "हे कुनी केलं?"

मी पुढं झालो.

"दिसायला लई ब्येस हाय. पन आज पोळा हाय ना बाबा? आजच्या दिवशी बैल गाडीला जुपलेत व्हय? काल खांदमळणी केली आसंल ना त्यांची? का तसंच जुपलं?"

आजूबाजूचे हसले आणि हसता हसता गंभीरही झाले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि पोळ्याला बैल मोकळा असतो. आम्ही तिघंही इथंच वाढलेली माणसं, झूल घातली, दोरे बांधले, आणि बैल जुंपूनच ठेवले. आमच्या डोक्यात बैल नव्हताच, सेट होता.

"सोडा, सोडा त्यांना," मागून कुणीतरी ओरडलं.

मिस्त्रींनी जू काढलं. एक बैल लगेच नाकावर पडला, त्याचं वशिंड सुटून टेबलाखाली गेलं. दुसऱ्यानं क्षणभर तग धरला आणि तोही गेला.

"आगं आई, दावणीलाच चक्कर आली ह्याला," आजी म्हणाली. मग जे हसू झालं ते मला अजून ऐकू येतं.

दुपारी मंडळी जेवायला गेली. मी टेबलाशी थांबलो. मिस्त्रींची हत्यारांची पिशवी खुर्चीवर होती, त्यात सोल्युशनची ट्यूब होती. मी वशिंडं चिकटवली आणि दोघांची चारी-चारी खुरं खालच्या हिरव्या पाटीवर चिकटवली. हे करताना मला काही विशेष वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. बैल उभे राहिले पाहिजेत एवढंच डोक्यात होतं. जेवून आल्यावर सगळ्यांनी बघितलं, बैल मोकळे आणि उभे. मी म्हटलं, तोल साधला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि रचना वेबसाइटवर टाकली. खाली लिहिलं, बैल आधाराशिवाय उभे राहतात.

पाठिंबा येऊ लागला. अनोळखी लोक लिहायचे की आमच्या घरी असेच होते. मी वाचून फुगायचो.

मग पुण्याच्या ठोकळेवाल्यांपैकी एक गृहस्थ एका रविवारी मुद्दाम आमच्या खोलीत आले. त्यांच्या मोठ्या प्रदर्शनात आमची गाडी ठेवायचं ठरत होतं. ते बैल उचलायला गेले तर पाटी वर आली. त्यांनी नखानं खूर उचकटलं. पिवळसर तार निघाली. त्यांनी वास घेतला.

"हे चिकटवलंय. सायकलचं सोल्युशन आहे," ते म्हणाले, आणि त्यांची नजर मिस्त्रींच्या काळ्या पडलेल्या नखांवर गेली. डॉक्टरांचीही गेली.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. मी चहाचा कप उचलला.

"सोल्युशन आमचंच हाय," ते म्हणाले. तेवढंच. ते खरंही होतं, आणि पाहुण्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. प्रदर्शन गेलं. डॉक्टरांनी रचना मागं घेतली. पुढच्या रविवारी मिस्त्री आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "हंगाम हाय, कारखान्याचे ट्रॅक्टर लई आलेत." हंगाम संपला तरी आले नाहीत. पुण्याच्या मंडळींत 'ते पंक्चरवाले' असा त्यांचा उल्लेख होतो, हे डॉक्टरांनी मला सहज सांगितलं. त्या दिवशीही मी बोललो नाही.

मी बैलावर काम करत राहिलो. बैलाच्या मागच्या अंगात पोकळ जागा होती ती ठोकळ्यांनी ठासून भरली, मान एक थर खाली आणली, पुढचे पाय किंचित पुढं सरकवले. एका सकाळी बैल उभा राहिला. टेबलावर हात आपटला तरी हलला नाही. बायको म्हणाली, "आता तरी हसा की."

मला हसू येईना. उत्तर इतकं सोपं होतं. पोळ्यानंतर आठवडाभर धीर धरला असता तरी सापडलं असतं. मी बैल पिशवीत घातला आणि गॅरेजवर गेलो.

मिस्त्री ट्रॅक्टरखाली होते. बाहेर आले, हात पुसले. मी बैल हत्यारांच्या पेटीवर ठेवला आणि म्हणालो, "सोल्युशन मी लावलं होतं."

"म्हाईत हाय की."

"मग बोलला का नाही?"

"मी कशाला बोलू? तोंड तुमाला न्हाई का?" त्यांनी आवाज चढवला नाही. "साहेब, पंक्चरवाला म्हनल्याचं काय न्हाई, मी हायच पंक्चरवाला. पन माझं काम खोटं म्हनलं. गाडी मी केली ती, एक ठोकळा न चिकटवता. तिचीबी माती केली तुमी."

मी म्हणालो, "रविवारी चला. सगळ्यांसमोर सांगतो."

"सगळ्यांसमोर म्हंजे कोन? डॉक्टरीणबाई एकल्या? त्या पुन्याच्यांचं काय? त्या समद्यांनी वाचलं ना तवा, का बैल आपला आपला हुबा ऱ्हातो म्हनून? मग आता बी वाचू द्या. लिहा."

त्यांनी बैल उचलला, उलटा केला, पोट दाबून बघितलं, वशिंड उपटून काढलं आणि परत बसवलं. पेटीच्या उतरत्या झाकणावर उभा केला. उभा राहिला.

"ह्यो चांगला हाय," ते म्हणाले. "खुरं बारीक झाली. आमच्या बापानं ह्याला पत्री मारली नसती."

"मोठी करतो."

"आधी लिहा. मग खुरं."

म्हणून इथवरचं लिहिलं. डॉक्टरांना गेल्या आठवड्यात वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, मी त्यांच्या नखांकडे बघितलं होतं. मला जावं लागेल गॅरेजवर." आणि गेल्या. मजकूर त्यांनी पुण्याच्या मंडळींना धाडला, एक शब्द न गाळता. तिथून त्या गृहस्थांचा मिस्त्रींना फोन आला. काय बोलणं झालं ते मिस्त्रींनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काल रविवार होता. मिस्त्री आले, पण सतरंजीवर बसायच्या आधी उभ्यानं म्हणाले, "नवी बैलगाडी मांडायची आसंल तर माझं नाव वर, साहेबांचं खाली. आन् बैल मोकळं दाखवायचं, गाडी कडंला उभी."

"आणि माझं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी झुली शिवल्या. तुमचं मधी."

डॉक्टरांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी त्या क्रमानं नावं टाईप केली.