घशाचा बिशप

माझ्या पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ निळे पडत चाललेले आणि दोन्ही मुठींत माझी साडी घट्ट धरलेली. तीन वर्षांची होती. दुपारी जेवताना माशाचा काटा घशात अडकला. आधी नुसती खोकत होती, पण सासूबाईंनी भाताचा घट्ट गोळा गिळायला लावला, काटा खाली जातो म्हणून. गेला नाय, अजून आत रुतला.

"आई, दवाखान्यात नेते मी."

"थांब! आधी आशीर्वाद."

त्यांनी येशूच्या फोटोखालच्या दोन मेणबत्त्या काढल्या, लाल फितीनं बांधून फुली केली नि पोरीच्या गळ्याला लावली. आमच्या चर्चमध्ये फेब्रुवारीत एका जुन्या काळच्या बिशपचा सण असतो, तेव्हा फादर असंच करतात, घशाचं दुखणं येऊ नये म्हणून. त्या बिशपनं म्हणे एका पोराच्या घशातला काटा प्रार्थनेनं काढलेला. लग्न होऊन पेठकडच्या पाड्यावरून आले तेव्हापासून सासूबाई हेच सांगायच्या.

"आई, तिला श्वास घेता येईना हो!"

"तुझा विश्वासच नाय. तुमच्या पाड्यावरचा भगत मंतर घालायला बोलावला असता तर बसली असतीस गप. गुडघ्यावर बस."

आमचे हे ओझरला कारखान्यात ड्युटीवर. मी सातवी शिकलेली, त्या घरात माझं कोण ऐकणार? बसले गुडघ्यावर. त्या म्हणतील ते म्हणत गेले. आणि मग पोरीच्या हातातनं माझी साडी सुटली.

मी पोर उचलली नि अनवाणी पळाले. मागनं त्या ओरडत होत्या, "बिशपचा अपमान केलास गं!" ओरडा ऐकून शेजारच्या खाला रिक्षा अडवून उभ्या होत्या. "बैठ, बैठ जल्दी!"

गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टरनी काटा काढला. "भात कोणी भरवला?" म्हणून ओरडले. पोर वाचली, पण आवाज कायमचा घोगरा झाला.

पुढच्या सणाला फादरनी त्या बिशपची सगळी गोष्ट सांगितली. राजाचे शिपाई मागं लागले तेव्हा तो डोंगरातल्या गुहेत लपला, रानातली जनावरं त्याच्याजवळ यायची. त्याला पकडून नेताना वाटेत एका बाईनं घशात काटा अडकलेलं आपलं पोर त्याच्या पायाशी ठेवलं. शेवटी लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्याचं अंग सोललं नि मान उडवली. आणि बिशप व्हायच्या आधी तो डॉक्टर होता. डॉक्टर! हे सासूबाईंनी कधीच सांगितलं नव्हतं. आणि ती बाईसुद्धा पोर घेऊन घरात बसली नव्हती, शिपायांच्या मधे घुसली होती.

चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर सासूबाईंनी पोरीला पुढं ढकललं. "बघा, बिशपनं वाचवली माझी नात! बोल गं, थँक्यू बोल."

पोर बोलली. एक बाई हसली, "अगं बाई, ही तर म्हातारीसारखी बोलते!"

आता सासूबाई मागं लागल्यात, प्रार्थनासभेत उभी राहा, बिशपनं पोर वाचवली अशी साक्ष दे. खरं बोलले तर घरात राहणं मुश्किल. त्यांच्या मनासारखं बोलले तर उद्या कुणीतरी आपल्या पोराला भाताचा गोळा भरवून मेणबत्त्या लावत बसेल. रविवारी माझं नाव पुकारणार आहेत. समोर सगळ्या आया पोरं घेऊन बसलेल्या असणार, शेजारी सासूबाई.

तुम्ही काय बोलला असता?