खरजेचं मलम आणि संध्याकाळची भाकरी

बाळांनो, खरजेचा किडा काय असतो ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

लोणावळ्याच्या आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पवनानगरच्या. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत सारखी खाज. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण विहीणबाईंनी कळवलं, खरूज गेल्याशिवाय सुनेला पाठवणार नाही. मी मावशींना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मलाही भिंगातून पाहू दिलं. कातडीत एक बारीक वाकडी रेघ, टोकाला काळसर ठिपका. "हीच ती, किड्याची मादी. आत बोगदा खणते आणि अंडी घालते," डॉक्टर म्हणाले. घाटातले बोगदे मी जन्मभर पाहत आले, पण असा कधी पाहिला नव्हता.

मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, सकाळपर्यंत धुवायचं नाही. मी रीतसर तक्ता करून दिला: संध्याकाळी सहा वाजता मलम. आपल्याकडे तोवर स्वयंपाक उरकलेला असतो.

काही आठवड्यांनी भिंगाखाली नवी रेघ दिसली.

"मलम लावल्यावर हात धुतले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"धुतलं की. भाकरी काय मलमाच्या हातानं थापू?"

"मग पुन्हा लावलं?"

"न्हाई." मावशी माझ्याकडे वळून हसल्या. "आज्जी, तुमच्या कागदात समदं हाय, भाकरीच न्हाई!"

चूक माझी होती. त्यांची चूल सातला पेटते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

या वेळी मलमाबरोबर वजनाप्रमाणे गोळ्याही मिळाल्या. हे औषध मातीतल्या सूक्ष्म जंतूंपासून मिळालं, असं डॉक्टर म्हणाले. मी एक गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. न दिसणारा जीव मावशींची लेक अडवून बसलेला, आणि त्याच्यावरचा उतारा दुसऱ्या न दिसणाऱ्या जिवाकडे, पायाखालच्या मातीत. त्या संध्याकाळी मावशींच्या घरी सगळ्यांनी दुपारच्याच भाकरी खाल्ल्या आणि मग मलम लावलं.

महिन्याभराने डॉक्टरांना काही सापडलं नाही. लेकीच्या सासरगावाहून, नवलाख उंबऱ्याहून, विहीणबाई सुनेला घेऊन स्वतः आल्या. मीही मावशींच्या घरी गेले होते. विहीणबाईंनी मावशींना दारातल्या उजेडात नेलं आणि एकेक बोट फाकवून पाहिलं. मावशी शाळेतल्या मुलीसारख्या हात पुढे करून उभ्या.

"लय मऊ झालं की वो हात," विहीणबाई म्हणाल्या. मग सुनेच्या हातातली पिशवी घेतली. "ही कुटं ठिवू?"