कोंडिबाचं बारदान

नेरुळला तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्याच दारात, कोंडिबा राहतो. मूळचा साताऱ्याकडचा. चाळीस वर्षं वाशीच्या मार्केटात माथाडी. गोणी खांद्यावर आली की काट्याआधी वजन सांगायचा, आणि बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन, वजा केल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. एका लग्नात नवरदेवाला उचलून त्यानं फेट्याचं वजन वजा केलं होतं! पण ते असो.

मागच्या महिन्यात त्याची सून तेजश्री सासूला, म्हणजे बाळाबाईला, म्हणाली, "आई, हा फ्रिज फार वीज खातो. शनिवारी भंगारवाला येतोय."

बाळाबाईच्या हातातला चटणीचा डबा हातातच राहिला. भिशी लागली तेव्हा तिनं स्वतःच्या पसंतीनं घेतलेली ती पहिली वस्तू.

"मोजल्याबिगर चोर म्हनायचं न्हाई," कोंडिबा म्हणाला, आणि इलेक्ट्रिशियन दिपेशकडून युनिट मोजायचं यंत्र घेऊन आला. सॉकेटात यंत्र, यंत्रात फ्रिजचा प्लग. दिवसभरात पावणेतीन युनिट.

"हे गोणीसकट झालं! बारदान काढा!"

दुसऱ्या दिवशी अख्खा फ्रिज आमच्याकडे रिकामा झाला. त्यांची सारसोळे गावच्या बाजारातली कोलंबी आमच्या श्रीखंडाला टेकून बसली. आमची मंडळी अजून माझ्याशी तुटक बोलतात.

आणि रिकाम्या फ्रिजचा आकडा? पावणेतीनच!

कोंडिबाचा चेहरा उतरला. म्हणजे माल काहीच खात नव्हता, सगळं बारदानच खात होतं. बायकोच्या बाजूनं साक्ष द्यायला गेला नि उलटी देऊन बसला. पण माणूस काट्याचा. सुनेला आकडा खरा सांगितला.

तेवढ्यात बाळाबाई कडाडली, "आवो, गोणीचं तोंड शिवल्याबिगर कधी वजन धरलंया का तुमी?"

"म्हंजी?"

"दाराचं रबर गेलंया. मी स्टूल लावून दार दाबून ठेवते. दोन दिस त्योच स्टूल दारापासनं वढून, त्यावर बसून यंत्र बघताय न्हवं!"

दिपेशनं नवं रबर बसवलं. पुन्हा मोजलं, तर सव्वा युनिट. तेजश्रीनं यंत्र दोनदा वाचलं आणि हसून म्हणाली, "राहू द्या मग, आई." चटणीचा डबा पहिला आत गेला.

शनिवारी भंगारवाला आला. तीन मजले चढलेला माणूस रिकाम्या खांद्यानं परत धाडणं कोंडिबाला कसं जमावं? यंत्र घेऊन थेट आमच्या घरात शिरला. "टीव्ही बंद, तरी ह्यो खातोय बघा," म्हणत त्यानं माझा वीस वर्षांचा स्टॅबिलायझर उचलला आणि भंगारवाल्याच्या खांद्यावर ठेवला.

मी तोंड उघडेपर्यंत जिन्यातून कोंडिबाचा आवाज आला, "साडेचार किलो! वायर वजा करून!"